नावाचा भाव, ताळेबंदातला

डहाणूच्या खाडीजवळचे औष्णिक वीज केंद्र १९९५ पासून मुंबईच्या उपनगरांना वीज देत आले आहे. प्रत्येकी २५० मेगावॉटचे दोन संच आणि सुमारे २७५ मीटर उंचीचे धुराडे. हे केंद्र बीएसईएसने उभारले, पुढे ते रिलायन्सकडे गेले आणि ऑगस्ट २०१८ मध्ये उपनगरांतल्या वीजपुरवठ्याच्या सगळ्या धंद्याबरोबर अदानी ट्रान्समिशनच्या ताब्यात आले. या कंपनीचे आजचे नाव अदानी एनर्जी सोल्यूशन्स. २०२४ च्या एप्रिल ते जून या तिमाहीचे निकाल जाहीर करताना तिने डहाणूचे केंद्र आपल्या व्यवसायातून वेगळे काढत असल्याचे सांगितले आणि त्यापोटी १,५०६ कोटी रुपयांचा एकरकमी तोटा दाखवला. एरवी नफ्यात असलेली कंपनी त्या तिमाहीपुरती तोट्यात गेली.

त्या तीन महिन्यांत डहाणूत काय घडले होते? स्फोट झाला नव्हता, संच बंद पडले नव्हते, मुंबईची वीज गेली नव्हती. बदलली होती फक्त वहीतली एक रक्कम. केंद्राची वहीत लिहिलेली किंमत आणि व्यवहारातून हाती येणारी किंमत यांत मोठी तफावत होती. विकायचे ठरले तेव्हा ती झाकून ठेवणे शक्य नव्हते आणि नियमाने तशी मुभाही नाही. वहीतला आकडा खाली आणायचा आणि फरक त्याच काळाच्या नफ्यातून वजा करायचा. हिशेबाच्या परिभाषेत याला इम्पेअरमेंट म्हणतात. या प्रकरणात मी त्यासाठी ‘मूल्यघट’ हा शब्द वापरणार आहे.

वीज केंद्राची मूल्यघट समजायला सोपी आहे, कारण केंद्र डोळ्यांना दिसते. जिला धुराडे नाही, दरवाजा नाही, वजन नाही अशा मालमत्तेलाही हाच नियम लागू होतो आणि तिथे प्रश्न कितीतरी अवघड होतो. ती मालमत्ता म्हणजे ख्याती. बारावीच्या पुस्तपालनात भागीदाराच्या प्रवेशाच्या वेळी भेटणारी, सरासरी नफ्याला ठरावीक वर्षांनी गुणून सूत्राने काढलेली आणि परीक्षेनंतर विसरली जाणारी. शेअर बाजारात नोंदलेल्या बड्या कंपन्यांच्या ताळेबंदात आज हीच ख्याती हजारो कोटींत उभी असते.

ती जन्माला कशी येते ते पाहण्यासाठी एक कल्पित व्यवहार मांडू. समजा, डहाणू-तलासरी पट्ट्यातल्या सरावलीत चिकूची एक वखार आहे. बागायतदारांकडून फळ घ्यायचे, प्रतवारी करायची, खोक्यांत भरायचे आणि वाशीच्या बाजारात पाठवायचे, हा तिचा धंदा. मालकाने ती ३० वर्षे चालवली आणि आता १ कोटी रुपयांना विकली. विकत घेणाऱ्याचा हिशेबनीस वही उघडून बसतो. जागा, यंत्रे, टेम्पो, क्रेट आणि लोकांकडून येणे, सगळे आजच्या भावाने ७४ लाख. देणी १२ लाख. म्हणजे निव्वळ दिसणारी मालमत्ता ६२ लाखांची. वखारीचे नोंदणीकृत बोधचिन्ह आहे, त्याचे १० लाख. एका मोठ्या व्यापाऱ्याशी ४ वर्षांचा पुरवठा करार आहे, त्याचे ८ लाख. झाले ८० लाख. मग वरचे २० लाख कशाचे?

बागायतदार आपला माल आधी याच वखारीवर आणतात, त्याचे. हमाल आणि प्रतवारी करणाऱ्या बाया वर्षानुवर्षे टिकून आहेत, त्याचे. या वखारीचे खोके फोडून तपासायची गरज नाही, असे बाजारात बोलले जाते, त्याचे. यातले काहीही वेगळे काढून विकता येत नाही, म्हणून उरलेली सगळी रक्कम एका शब्दाखाली जाते: ख्याती, २० लाख रुपये. इंग्लंडचे लॉर्ड चान्सेलर एल्डन यांनी १८१० मध्ये मालवाहतुकीच्या एका धंद्याच्या वादात ख्यातीची व्याख्या केली होती. जुनी गिऱ्हाइके जुन्याच ठिकाणी परत येण्याचा संभव, एवढाच तिचा अर्थ त्यांनी सांगितला. दोनशे वर्षांत कायदे फार पुढे गेले, पण वखारीचे ते २० लाख आजही त्याच संभवाचे आहेत. आपल्या १९३२ च्या भागीदारी कायद्यानेही ख्यातीला पेढीच्या मालमत्तेत धरले आहे आणि पेढी मोडल्यावर ती विकता येते असे म्हटले आहे.

आता इथे एक विलक्षण गोष्ट आहे आणि तिच्यावर थोडे थांबले पाहिजे. विकणाऱ्या मालकाच्या वहीत ही ख्याती कधीच नव्हती. ती त्याने ३० वर्षे राबून कमावली, पण त्याच्या ताळेबंदात तिच्या नावाने एक रुपयाही नव्हता. ज्याने ती कमावली नाही, फक्त विकत घेतली, त्याच्या ताळेबंदात ती पहिल्याच दिवशी २० लाखांची झाली. नियम स्पष्ट आहे. घरच्या घरी तयार झालेली ख्याती, बोधचिन्हे, वर्तमानपत्राचे शीर्षनाम, ग्राहकांच्या याद्या यांची मालमत्ता म्हणून नोंद करायची नाही. कारणही पटण्यासारखे आहे. बाजारात सौदा होऊन पैसा हातबदल झालेला नसेल तर किंमत ठरवणार कोण? मालकाला मुभा दिली तर कर्ज काढायच्या आदल्या दिवशी प्रत्येक वखारीचे नाव कोट्यवधींचे होईल. तरीही हा नियम अपुरा आहे हे मान्य केले पाहिजे. दोन सारख्याच कंपन्या घ्या, एक स्वतः वाढलेली आणि एक दुसऱ्या कंपन्या विकत घेऊन वाढलेली. त्यांचे ताळेबंद शेजारी ठेवले तर तुलनाच होत नाही.

डहाणूत याचे आणखी टोकाचे उदाहरण आहे. डहाणू-घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन आहे. वारली चित्रकलेलाही आहे. ‘डहाणू घोलवड चिकू’ या नावामुळे फळाला जो विश्वास मिळतो, तो खरीखुरी संपत्ती आहे. २०२१ मध्ये हे मानांकित चिकू ब्रिटनला निर्यातही झाले. पण १९९९ च्या भौगोलिक मानांकन कायद्याने असे नाव विकता येत नाही, गहाण ठेवता येत नाही, कुणाला परवान्याने देताही येत नाही. ते एका टापूतल्या सगळ्या उत्पादकांचे असते. म्हणजे त्याचा सौदा होणार नाही आणि सौदा नाही म्हणून ते कोणत्याही ताळेबंदात चढणार नाही. मला हे योग्यच वाटते. आदिवासी पाड्यांतल्या चित्रकलेचे नाव एखाद्या कंपनीच्या मालमत्तेच्या यादीत बसलेले बघण्यापेक्षा ते कुठेच न लिहिलेले बरे. पण याची दुसरी बाजूही आहे. बुरशीने फळगळ होऊन, किंवा दुसरीकडचा माल डहाणूच्या नावाने खपवला जाऊन या नावाची पत घसरली, तर तो तोटाही कोणत्याच नफा-तोटा पत्रकात दिसणार नाही. जे वहीत चढलेच नाही ते वहीतून उतरणार कसे?

सरावलीच्या वखारीकडे परत येऊ. नव्या मालकाने लिहिलेल्या तीन अदृश्य मालमत्ता पुढे कशा वागतात?

पुरवठा कराराचे सोपे आहे. ८ लाख, ४ वर्षे, दर वर्षी २ लाख खर्ची टाकायचे. यंत्रावर घसारा धरतात तसेच हे, फक्त दिसत नसलेल्या मालमत्तेच्या बाबतीत त्याला अमॉर्टायझेशन म्हणतात. आयुष्य ठाऊक असेल तर वाद उरत नाही. पेटंट २० वर्षांचे, संगणक प्रणाली तिच्या उपयोगाच्या काळापुरती, करार त्याच्या मुदतीपुरता.

बोधचिन्हाशी येताच वाट बिकट होते. त्याची नोंदणी १० वर्षांची, पण नाममात्र शुल्कावर पुन्हा पुन्हा नूतनीकरण होते. मग आयुष्य १० वर्षे धरायचे की अमर्याद? मोठ्या कंपन्यांना लागू असलेल्या मानकांनुसार, नूतनीकरण स्वस्त आणि जवळपास निश्चित असेल तर आयुष्य अनिश्चित धरता येते. मग दर वर्षी काहीच खर्ची पडत नाही. ज्या २०१८ च्या व्यवहारात डहाणूचे केंद्र विकत घेतले गेले, त्यातच मुंबईचा वीजपारेषण परवानाही होता. परवान्याची मुदत २०११ पासून २५ वर्षे. पण असे परवाने आजवर अल्प खर्चात वाढवून मिळत आले आहेत, हा आधार देऊन वार्षिक अहवालात त्याचे आयुष्य अनिश्चित धरले गेले. कागदावर २०३६ मध्ये संपणारी वस्तू हिशेबात अखंड आहे आणि ते नियमात बसते. अशा ठिकाणी वाचकाने तळटीप वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये.

आणि उरली ती ख्याती. हिच्या बाबतीत जगाचे आजवर एकमत झालेले नाही.

अमेरिकेत १९७० पासून ख्याती जास्तीत जास्त ४० वर्षांत खर्ची टाकावी लागत असे. २००१ मध्ये तिथल्या मानक मंडळाने ती प्रथाच बंद केली. आता ख्याती आहे तशीच ठेवायची, पण दर वर्षी तपासायची आणि किंमत उतरली असेल तरच मूल्यघट दाखवायची. २००४ मध्ये आंतरराष्ट्रीय मानकांनीही हेच स्वीकारले. जपानने ऐकले नाही. तिथल्या राष्ट्रीय मानकांत आजही ख्याती २० वर्षांच्या आत खर्ची टाकतात. अमेरिकेनेही २०१४ मध्ये खासगी कंपन्यांना १० वर्षांत खर्ची टाकण्याची सवलत परत दिली, कारण दर वर्षी तपासणी करण्याचा खर्च लहानांना परवडत नव्हता.

भारतात दोन्ही पद्धती शेजारी शेजारी नांदतात. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्या आणि २५० कोटी किंवा त्याहून अधिक निव्वळ मालमत्तेच्या कंपन्या २०१६ आणि २०१७ पासून टप्प्याटप्प्याने ‘इंड एएस’ मानकांखाली आल्या. त्यांची ख्याती खर्ची पडत नाही, फक्त तपासली जाते. बाकीच्यांना जुनी मानके आहेत. विलीनीकरणातून आलेली ख्याती सर्वसाधारणपणे ५ वर्षांत खर्ची टाकायची, आणि इतर अदृश्य मालमत्तांचे आयुष्य १० वर्षांपेक्षा जास्त नाही असे धरून चालायचे. सरावलीची वखार अर्थातच दुसऱ्या गटात. तिच्या मालकाने ५ वर्षे ठरवली तर दर वर्षी ४ लाख नफ्यातून वजा होतील आणि सहाव्या वर्षी वही कोरी असेल.

पण समजा, हीच वखार एखाद्या मोठ्या नोंदणीकृत कंपनीने घेतली. मग दर वर्षी तपासणी आली. ख्याती एकटी पैसे कमवत नाही, म्हणून ती ज्या घटकाबरोबर कमवते तो सगळा घटक, इथे अख्खी वखार, एकत्र तोलायचा. वहीतली किंमत १ कोटी धरू. वखार इथून पुढे किती कमावेल याचा अंदाज बांधायचा आणि त्या भविष्यातल्या पैशांची आजची किंमत काढायची. वखार दर वर्षी ९ लाख रोख कमावत राहील असे मानले आणि व्याजाचा दर ९ टक्के धरला, तर आजची किंमत बरोबर १ कोटी येते. ख्याती शाबूत. दर १० टक्के धरला तर किंमत ९० लाख. १० लाखांची मूल्यघट आणि ती सगळी ख्यातीतून जाणार, कारण पहिला घाव नेहमी ख्यातीवर बसतो. १२ टक्के धरला तर किंमत ७५ लाख. ख्यातीचे २० लाख पूर्ण पुसले जातात आणि वरचे ५ लाख यंत्रे, बोधचिन्ह वगैरे इतर मालमत्तांवर त्यांच्या प्रमाणात वाटले जातात.

लक्षात घ्या, वखारीत एकही खोके कमी झालेले नाही. ९ की १२, एवढ्या एका निवडीवर किमतीचा पाचवा हिस्सा असलेली ख्याती शाबूत राहते किंवा सगळी जाते. ही निवड करते ती व्यवस्थापनाची मंडळी, ज्यांनी मुळात ही वखार घ्यायचा निर्णय घेतला होता. लेखापरीक्षक त्यांना प्रश्न विचारतो, पण भविष्याबद्दलच्या अंदाजाला खोटे ठरवणे सोपे नसते.

शिवाय एक आडोसा आहे. कंपनीची स्वतःची जुनी, जोरात चालणारी वखार आधीपासून असेल आणि नवी तिच्यात मिसळली, तर तपासणी दोघींची मिळून होते. जुन्या वखारीची घरची ख्याती वहीत नसते, पण तिची कमाई अंदाजात धरली जाते. नव्या वखारीची ख्याती प्रत्यक्षात विरून गेली तरी जुनीच्या कमाईच्या आड ती वर्षानुवर्षे जिवंत दिसते. मूल्यघट उशिरा का जाहीर होते याचे माझ्या मते हे सगळ्यांत मोठे कारण आहे.

उशीर किती होऊ शकतो? ब्रिटनमधली कॅरिलियन ही बांधकाम आणि सेवा पुरवणारी कंपनी जानेवारी २०१८ मध्ये कोसळली. तिच्या २०१६ च्या ताळेबंदात सुमारे १५७ कोटी पौंडांची ख्याती होती आणि तिच्यात त्या वर्षी घट दाखवलेली नव्हती. दुसऱ्या टोकाला एओएल टाइम वॉर्नर. इंटरनेटच्या तेजीत झालेल्या त्या विलीनीकरणाची ख्याती फुगा फुटल्यावर खाली आणावी लागली आणि २००२ या एका वर्षाचा तोटा जवळपास ९९ अब्ज डॉलर झाला.

आपल्याकडचा सर्वांत गाजलेला धक्का मुंबईच्या टाटा मोटर्सचा. ऑक्टोबर ते डिसेंबर २०१८ या तिमाहीत जग्वार लँड रोव्हरपोटी कंपनीने २७,८३८ कोटी रुपयांची मूल्यघट दाखवली आणि तिमाहीचा तोटा २६,९६१ कोटींवर गेला. ही घट कारखान्यांइतकीच अदृश्य मालमत्तांची होती. नवी गाडी विकसित करण्यावरचा खर्च अशा कंपन्या मालमत्ता म्हणून साठवतात. चीनमधली मागणी घसरली, युरोपात डिझेल गाड्यांकडे लोकांनी पाठ फिरवली, आणि साठवलेला तो खर्च वसूल होण्याची आशा मावळली. तेव्हा कंपनीने आवर्जून सांगितले की हा रोखीचा तोटा नाही. ते खरे आहे, पण अर्धेच. त्या तिमाहीत तिजोरीतून पैसा गेला नाही, कारण तो गाड्या विकसित करताना आधीच गेला होता. मूल्यघट म्हणजे तो परत येणार नाही याची उशिरा दिलेली कबुली.

सगळ्याच ख्यातीचे असे होत नाही. हिंदुस्थान युनिलिव्हरमध्ये १ एप्रिल २०२० पासून हॉर्लिक्सवाली ग्लॅक्सोची ग्राहकोपयोगी कंपनी विलीन झाली. त्यामुळे ताळेबंदात १७ हजार कोटींहून अधिक ख्याती आली, बोधचिन्हांची किंमत वेगळीच. दर वर्षी तपासणी होते आणि ही ख्याती खर्ची न पडता उभी आहे. प्रश्न असा, की वीस वर्षांनी हॉर्लिक्स खपत असेल तर ते २०२० मध्ये विकत घेतलेल्या नावामुळे, की मधल्या वीस वर्षांत नव्या मालकाने केलेल्या जाहिराती आणि वितरणामुळे? विकत घेतलेली ख्याती हळूहळू झिजते आणि तिच्या जागी घरची ख्याती भरत जाते. घरची तर वहीत लिहायची परवानगी नाही. तरी न झिजवता ठेवलेल्या आकड्यामागून ती नकळत आत येते. म्हणून माझे मत जपानच्या बाजूचे आहे. ठरावीक वर्षांत ख्याती खर्ची टाकावी आणि मध्येच मोठा घाव बसला तर मूल्यघटही दाखवावी. आंतरराष्ट्रीय मंडळाने अनेक वर्षे विचार करून २०२२ मध्ये उलटा निर्णय दिला. त्यांचे म्हणणे असे की ५, १० किंवा २० हे आकडे मनमानी आहेत आणि गुंतवणूकदार खर्ची टाकलेली रक्कम नाहीतरी परत मिळवूनच नफा मोजतात. हे म्हणणे मला वजनदार वाटते. पण ९ की १२ टक्के हा आकडाही तितकाच मनमानी असू शकतो आणि तो लपलेला असतो, हे त्याला माझे उत्तर.

कराच्या वहीने आपला रस्ता वेगळाच धरला. ऑगस्ट २०१२ मध्ये स्मिफ्स सिक्युरिटीजच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने विलीनीकरणातून आलेली ख्याती ही घसाऱ्यास पात्र मालमत्ता ठरवली. वादातली रक्कम ५५ लाखांच्याही आत होती, पण निकालाचा लाभ हजारो कोटींच्या विलीनीकरणांना मिळू लागला. २०२१ च्या वित्त कायद्याने दार बंद केले. १ एप्रिल २०२० पासून ख्यातीवर घसारा नाही, मग ती रोख देऊन घेतलेली का असेना. पेटंट, बोधचिन्ह, परवाना यांवर मात्र तो मिळत राहिला. त्यामुळे सरावलीच्या आपल्या व्यवहारात २० लाखांपैकी जितकी रक्कम बोधचिन्हात किंवा करारात टाकता येईल तितकी टाकण्याकडे खरेदीदाराचा कल असणार, आणि प्राप्तिकर अधिकारी त्यावरच बोट ठेवणार. मूल्यांकन करणाऱ्याचा अहवाल तेव्हा कामाला येतो.

भागधारक म्हणून तुमच्या हाती वार्षिक अहवाल आला, तर ख्यातीच्या टिपेत तीन गोष्टी शोधा. ख्याती कोणत्या घटकांना वाटून दिली आहे, भविष्यातल्या रोखीला कोणता व्याजदर लावला आहे आणि ती रोख कायम किती टक्क्यांनी वाढेल असे धरले आहे. मग मागच्या वर्षीचा अहवाल काढून तेच आकडे शेजारी ठेवा. धंदा मंदावलेला असताना व्याजदर खाली आणि वाढीचा दर वर गेलेला दिसला, तर वार्षिक सभेत हात वर करून त्याचे कारण विचारा.